काकणमावशीनं दुकान वाढवायचं ठरवलं

माझ्या आईच्या धाकट्या बहिणीला कवठे महांकाळच्या बाजारात सगळे काकणमावशी म्हणत. तिच्या तोंडून मी कधी अभद्र शब्द ऐकला नाही. बांगडी फुटली असं ती म्हणायची नाही, बांगडी वाढली. करंड्यातलं कुंकू संपलं नाही, वाढलं. नारळ वाढवला, आणि संध्याकाळी फळ्या लावल्या की दुकान वाढवलं. जुनी माणसं असं बोलतातच, पण मावशीचं जरा जास्त होतं. तिचं सगळं आयुष्य बांगड्या भरण्यात गेलं आणि काच तर रोजच फुटायची. गिऱ्हाईक बाई दचकली की तिचा हात न सोडता ही म्हणायची, "एक वाढली, दुसरी भरू. भिऊ नगंस, हात ढिला सोड."

या बोलण्यामुळे मिरजेच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तिला साखरेचा आजार जुना होता. पाय सुजायला लागले म्हणून मी तिला तपासायला नेलं. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय होतंय?" मावशी म्हणाली, "माज्या दोनी किडन्या वाढल्यात, असं आमच्या गावचं डॉक्टर म्हनत्यात." त्यांनी सोनोग्राफीचा कागद पुन्हा पाहिला. "नाही आजी, उलट लहान झाल्यात." "त्येच म्हनती की मी," मावशी म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं तेव्हा ते हसले. आम्हीही हसलो. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर मात्र मला पुढचं दिसायला लागलं.

डायलिसिस सुरू झालं. सोमवारी आणि गुरुवारी ती सकाळच्या एसटीनं मिरजेला यायची. मी तिला स्टँडवरून दवाखान्यात न्यायचो आणि ती रात्री सांगलीत आमच्याकडे राहायची. मी हिशेब तपासणीचं काम करतो. त्या सवयीनं तिचं वजन, रक्तदाब, दिवसाला मोजून प्यायचं पाणी, सगळं टिपून ठेवायचो. दोन वेळांच्या मध्ये वजन अडीच किलोच्या वर गेलं की माझी झोप उडायची. मावशी म्हणायची, "वसंता, मी वाळले तरी तुजी तक्रार आन सुटले तरी तुजी तक्रार. तराजूच आन एकदा, दुकानात टांगू मला."

एका गोष्टीचा आकडा माझ्याकडे नव्हता. सुई टोचायला तिच्या डाव्या हाताच्या शिरा जोडून घेतल्या होत्या. त्या हातात आता बांगडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशीनं साबण लावून एकेक काकण उतरवलं, एकही वाढू दिलं नाही. जिनं अख्ख्या तालुक्याचे हात भरले, तिचा स्वतःचा एक हात मोकळा, आणि नवरा तर जिवंत. त्यानंतर तो हात कायम पदराखाली असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गार लागतंय." तेव्हा एप्रिल होता.

अशा रुग्णांच्या मनाकडे पाहायला दवाखान्यात एक समुपदेशक मुलगी होती. तिनं मावशीच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं. रोज संध्याकाळी त्यातून एका बाईचा आवाज मराठीत विचारायचा, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" मावशीनं बोलायचं, ॲपनं ऐकून उत्तर द्यायचं. दर बुधवारी मनःस्थितीचा आलेख घरच्या माणसाच्या फोनवर यायचा. घरचं माणूस म्हणून मावशीनं माझं नाव दिलं. "त्याला पाठवा. त्याला आकडं बघितल्याबिगर चहा जात न्हाई."

पहिल्या संध्याकाळी ती आमच्याच ओसरीवर बसून बोलली. ॲपनं विचारायच्या आधी हिनंच विचारलं, "जेवलीस का गं?"

"धन्यवाद! मी एक डिजिटल सहाय्यक आहे. मला अन्नपाण्याची गरज नसते."

"पानीबी लागत न्हाई?" मावशीनं माझ्या बायकोकडं पाहिलं. "सुनबाई, किती नशीबवान हाय बघ ही!"

पुढे ती त्या बाईशी रोज बोलू लागली. मला बरं वाटलं. आमच्याशी बोलताना ती आम्हालाच सांभाळून घ्यायची. तिथं तरी मोकळी होत असेल. आलेख आधी पिवळा होता, मग हिरवा झाला. माझे मामेभाऊ, शेजारी, जो विचारील त्याला मी तो दाखवायचो.

मग एका सोमवारी ती आली नाही. फोनवर म्हणाली, "ह्यास्नी खोकला लय हाय. बेस्तरवारी येती नक्की." ह्यास्नी म्हणजे तिचे यजमान, तात्या. त्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे. एक पाळी चुकली म्हणजे अंगात पाणी किती साठेल, हे मी मनातल्या मनात मोजत राहिलो. बुधवारी सकाळी आलेख आला आणि जीव भांड्यात पडला. इतका हिरवा तो कधीच नव्हता. खाली लिहिलं होतं : रुग्ण भविष्याबद्दल आशावादी आहेत. व्यवसाय वाढवण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. त्यांना प्रोत्साहन देण्यात आले आहे.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"दुकान मोठं करणार? मावशी? पाय टेकवत नाहीत त्यांना. काय म्हणाल्या नेमकं, ते आहे का त्यात?"

होतं. खाली बारीक अक्षरात मावशीचं वाक्य होतं : "आता दुकान वाढवावं म्हनती मी."

मी फोन लावला. मावशीनं उचलला नाही. चौथ्यांदा तात्यांनी उचलला.

"तात्या, मावशी कुठाय?"

"न्हाई न्हाई, हिकडं पाऊस न्हाई."

"मावशी! मावशी कुठं हाय?"

"ती व्हय? दुकानात. फुकट भरत्या काकनं सगळ्यास्नी. तूबी ये की, सुनबाईला घिऊन ये. हिरवी थोडीच ऱ्हायलीत."

ऑफिसला कळवायचं राहूनच गेलं. मोटारसायकल काढली. रस्ता पाठ असूनही शिरढोणजवळ एक वळण मी चुकलो.

दुकानात पाचसहा बाया होत्या. मांडणीच्या वरच्या दांड्या रिकाम्या दिसत होत्या. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, बोलताना धाप लागलेली, तरी एका मुलीचा हात दाबून दाबून काकण चढवत होती.

"आलास? बस. हिचं एवढं हूं दे."

बाया गेल्यावर मी विचारलं, "मावशी, काय वाढवायचं ठरवलंयस?"

तिनं मान वर केली. "तिनं सांगितलं व्हय तुला? चुगलखोर हाय की!"

"उद्या येणार नाहीस तू."

"न्हाई."

"आणि आम्हाला कुणाला सांगणार नव्हतीस?"

"तुमाला सांगितलं असतं तर रडला असता. तिला सांगितलं." ती थांबली, श्वास घेतला. "ती म्हनली, खूप छान विचार हाय. उद्यापास्नंच एक छोटं पाऊल उचला. मला लय बरं वाटलं रं. येक जन तरी जा म्हनलं."

मी तिथंच, काकणांच्या डब्यांमध्ये, खाली बसलो. त्या आवाजाला वाटलं, बाई दुकानाला नवी मांडणी करणार. मावशीला वाटलं, आपल्याला निरोप मिळाला. मी तिला हे समजावलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आसंल. पन माजं ठरलंय. हात मोकळा झाला आन ह्यांच्या छातीत खोकला शिरला. मी मशिनीवर जगायचं आन ह्यांनी..." पुढचं अभद्र होतं. ते ती बोलली नाही.

तात्या दारात उभे होते. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या कानाला तोंड लावून सगळं ओरडून सांगितलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. तात्या कळवळतील, असं मला वाटलं. ते चिडले.

"माजा खोकला तंबाखूचा हाय! काकनाचा न्हाई! चाळीस वर्सं बोंबलतीस तंबाखू सोड म्हनून, आन आता हाताला नाव ठिवतीस?" त्यांनी कनवटीची चंची काढून समोरच्या गटारात टाकली. मग मांडणीवरची हिरवी काकणं उतरवली आणि मावशीपुढं धरली. "दोनी हातांची ह्या उजव्यातच भर. बघतो कोन काय म्हनतंय ती."

"आवं, असं कुटं असतंय व्हय?"

"काय म्हनलीस?"

"असं कुटं असतंय व्हय!"

"ऐकू येत न्हाई मला," तात्या म्हणाले. ते खरं की खोटं, मला कळलं नाही.

तिच्या सुजलेल्या हातावर ती काकणं मोठ्या मुश्किलीनं चढली. भाड्याची जीप आणून त्याच दुपारी आम्ही तिला मिरजेला नेलं. वाटेत दोनदा तिचे ओठ निळे पडले. तात्या पुढच्या सीटवरून सारखे मागं वळून बघत होते. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

समुपदेशक मुलीला सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली. तिनं ॲपवाल्यांना कळवलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत,' असं उत्तर आलं. मी ॲप काढून टाकायला निघालो तर मावशीनं मोबाईल ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे. चुकली बिचारी. मानसं काय कमी चुकत्यात?" पण एक तिनं कबूल केलं. असलं काही मनात आलं तर आधी मला सांगेल, आणि मी रडायचं नाही. आलेख मी बंद करून घेतला. रोज संध्याकाळी फोन करू लागलो. कधी ती म्हणायची, "आज लय वंगाळ वाटतंय." मी फोन धरून बसायचो.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं. मशीनवर असतानाच रक्तदाब खाली जाऊ लागला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. मी म्हणालो, तिच्यासमोरच बोला. त्यांनी सगळं सांगितलं. मावशीनं नीट ऐकून घेतलं आणि ती माझ्याकडं वळली. "वसंता, आता पुरं. तुला आधी सांगती." मी कबूल केल्याप्रमाणे रडलो नाही. तिला घरी कवठ्याला नेलं.

शिरा जोडलेल्या जागी कातडीखाली रक्त भरभर वाहतं. बोट ठेवलं तर मांजर गुरगुरल्यासारखं हाताला लागतं. मला ते दवाखान्यात शिकवलं होतं. घरी आल्यावर मावशीनं ते तात्यांना दाखवलं. त्यांचा हात धरून आपल्या मनगटाच्या वर ठेवला. तात्यांचा चेहरा बदलला. "वाजतंय की गं!" ते म्हणाले. त्यांना एवढ्या वर्षांत कसलाच बारीक आवाज आला नव्हता. त्यानंतर ते तिच्या उशाशी तसेच, तिच्या मोकळ्या हातावर बोटं ठेवून बसून असायचे. तिनं हाक मारलेली त्यांना ऐकू यायची नाही, म्हणून तीच त्यांना हात सोडू देत नसे.

पाचव्या दिवशी दुपारी मी आत गेलो तर मावशी भिंतीकडं तोंड करून निजल्यासारखी दिसत होती. मी तिला हाक मारणार, तेवढ्यात तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि बोटं न उचलता ते म्हणाले, "थांबलंय रं."