थंडी पाहिली, बर्फ नाही पाहिला

उत्तरेकडच्या एका हिमनदीवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. सर्व्हिसची सोळा वर्षं झाली होती. पोस्टचं नाव आणि उंची लिहीत नाही. माझं गाव लोहा तालुक्यात. तिकडे जाईपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो लोह्याच्या बाजारातल्या गोळेवाल्याच्या गाडीवर.

सेक्शनमध्ये मराठवाड्याचे आम्ही दोघंच. दुसरा लान्स नाईक मन्मथ शिवमूर्ती, राहणार रेणापूर, वय पंचवीस. ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा आणि ड्यूटी संपली की दादा. वडलांचं रेणापूरला किराणा दुकान होतं. दर रविवारी सॅटेलाइट फोनवर प्रत्येकाला चार मिनिटं मिळत. त्यातली दोन मिनिटं मन्मथचे वडील आपल्याकडच्या थंडीचंच सांगत.

"अप्पा म्हणून राहिलेत, औंदा रेणापूरला लई गारठा हाय," मन्मथ सांगायचा. "म्या म्हणलं, अप्पा, स्वेटर घाला."

आमचं काम वरच्या पोस्टला रसद पोचवायचं. पाच जण एका दोरावर, मध्ये स्लेज, स्लेजवर केरोसीनचे जेरीकॅन आणि राशन. पहाटे पाचला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, कारण उन्हात बर्फ सैल होतो. दोघांमधलं अंतर आठ पावलं. दोर ताणलेला हवा. बोलायचं कमी, कारण बोलण्यात दम जातो.

हिमनदीत खोल भेगा असतात. त्यांना आम्ही क्रीव्हास म्हणतो. हिवाळ्याच्या तोंडाशी पडणारा बर्फ या भेगांवर साचतो, दबतो, घट्ट होतो. त्याचा पूल बनतो. त्या पुलावरूनच आमची वाट होती.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बर्फ पडलाच नाही. ऑक्टोबर कोरडा गेला. नोव्हेंबरमध्ये थोडा भुरभुरला. आणि जानेवारीत थंडी अशी पडली की जुने लोकसुद्धा म्हणाले, एवढी कधी पाहिली नव्हती. रेडिओवर बातम्या लागत, देशभर थंडीची लाट. बेसवरचा एक क्लार्क वायरलेस सेटवर हसून म्हणाला, "ग्लोबल वॉर्मिंगवाल्यांना पाठवा वर." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

नाईक नोरबू आमचा वाटाड्या. लडाखचा. वडील, आजोबा, सगळे याच डोंगरांत वाढलेले. तो हसला नाही. पण तो तसाही कमी हसायचा.

त्या दिवशी वरच्या पोस्टवर तीन दिवसांचं केरोसीन उरलं होतं. तिथं केरोसीन संपणं म्हणजे शेगडी बंद आणि प्यायला पाणी नाही, कारण पाणी बर्फ वितळवूनच मिळतं. एक जवान तापाने पडला होता. रसद पोचवणं भाग होतं. मी पार्टी लीडर.

पहाटे पाचला थर्मामीटर पाहिला. मायनस अठ्ठावीस. वारा नव्हता. सहा चाळीसला आम्ही मोठ्या क्रीव्हासपाशी पोचलो. नोरबू सगळ्यांत पुढे. त्याने आइस ॲक्सचा दांडा पुलात घुसवला. दांडा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढून त्याने बर्फ हातमोज्यावर घेतला आणि मला दाखवला. साखरेसारखा होता. दाणा दाण्याला धरत नव्हता.

"उस्ताद, इधर से नहीं. ऊपर से घूम के जाते हैं."

वरून वळसा म्हणजे चार तास जास्त. परतताना ऊन डोक्यावर येणार. मी नाही म्हणालो.

"उस्ताद, आज की ठंड मत देखो. बर्फ कब गिरी, वो देखो."

मी त्याला जे उत्तर दिलं ते मला शब्दन्शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "मायनस अठ्ठाईस में पुल टूटेगा? जनवरी है, नोरबू. चल."

तो माझ्याहून ज्युनियर होता. तो चालायला लागला.

नोरबू पार झाला. मी पार झालो. स्लेज पुलावर आली, तिच्या मागे मन्मथ. आवाज मोठा झाला नाही. कुणी जाड गादी आपटावी तेवढाच. मागे वळलो तर पूल नव्हता. दोराने मला पाठीवर पाडलं आणि काठाकडे ओढत नेलं. मन्मथच्या मागचे, अजून पलीकडच्या काठावर असलेले दोघंही पडले. आम्ही चौघांनी ॲक्स रोवल्या. काठापासून दोन हातांवर मी थांबलो.

खालून आवाज आला. "उस्ताद, मी हाय."

"हालू नको. ओढतोय."

"स्लेज माझ्या दोराला लटकलीय, उस्ताद."

"काप तिचा दोर. चाकू काढ."

"हाव."

मी सेट उघडला. "अल्फा, अल्फा, ब्राव्हो बोल रहा हूं. एक आदमी क्रीव्हास में. जिंदा है. रेस्क्यू पार्टी भेजो. ओव्हर."

"ब्राव्हो, रॉजर. पार्टी निकल रही है. वेट करो. ओव्हर."

बर्फाची धार काचेसारखी असते. स्लेजचं वजन आणि त्याचं वजन, दोन्ही त्या धारेवर हेलकावत होतं. मन्मथचा चाकू स्लेजच्या दोरापर्यंत पोचला की नाही, मला माहीत नाही. सहा बावन्नला माझ्याकडचा दोर एकदम हलका झाला. पलीकडचाही. दोन्ही टोकं आम्ही वर ओढली. दोन्ही कापली गेली होती, चाकूने नाही, घासून.

मी त्याला नावाने हाका मारल्या. नंतर नोरबूने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी थांबलो.

रेस्क्यू पार्टी साडेनऊला आली. दोन माणसं दोराने खाली उतरवली. दोर संपला, तळ लागला नाही. एकच्या सुमारास दुसरा काठ ढासळला आणि कंपनी कमांडरसाहेबांनी सगळ्यांना मागे बोलावलं. वरच्या पोस्टला केरोसीन दुसऱ्या दिवशी नोरबूने सांगितलेल्या वळशाने गेलं. सगळे सुखरूप पोचले. तीन आठवडे शोध चालला. मग बंद झाला. चौकशीत नोरबूने मी त्याचं ऐकलं नाही असं म्हटलं नाही. मी म्हटलं. कागदावर नोंद झाली, "नैसर्गिक कारण."

रेणापूरला मी एकदा गेलो, मन्मथची ट्रंक घेऊन. त्याच्या वडलांना म्हणालो, पूल मोडला. नोरबूने नको सांगितलं तरी मी त्याच पुलावरून नेलं, ते बोललो नाही. त्यानंतर नऊ वर्षं बोललो नाही.

मी नायब सुभेदार म्हणून रिटायर होऊन गावी आलो. या जानेवारीत आपल्याकडे थंडी पडली. हरभरा करपला. माणसं दुपारपर्यंत शेकोटीपाशी. पारावर, एसटीत, मोबाइलवर एकच बोलणं. "कुठं हाय ते ग्लोबल वॉर्मिंग?" लातूरच्या एका कॉलेजात याच विषयावर जाहीर परिसंवाद ठेवला होता. एका बाजूला शेतकी शिकवणाऱ्या एक बाई, दुसऱ्या बाजूला एक वकील. बर्फात राहिलेला माणूस म्हणून मला पाहुणा बोलावलं.

बाई चांगल्या बोलल्या. पाऊस कसा मागेपुढे झाला, थंडी येते पण वेळेवर येत नाही, हे त्यांनी वर्षावर्षाचं मांडलं. मागे माणसं मोबाइल पाहत होती. वकील उठले. मफलर सोडून त्यांनी घडी घातली आणि परत गळ्यात गुंडाळला. एवढ्यावरच हॉल हसला. "मंडळी, मला काहीच सांगायचं न्हाई. सकाळी आंघोळीला गार पाणी घेतलेला एक जण हात वर करा." टाळ्या थांबेनात.

मग मला उभं केलं. मी ठरवून आलो नव्हतो. सगळं सांगितलं. कोरडा ऑक्टोबर, साखरेसारखा बर्फ, तिकडची हिमनदी आता लवकर वितळतेय हे, नोरबू काय म्हणाला, मी काय म्हणालो. नावासकट. शेवटी म्हणालो, "मी त्या दिवशीची थंडी पाहिली. बर्फ नाही पाहिला. त्यात माझा माणूस गेला. तुम्ही आत्ता तेच करताय."

हॉल उभा राहिला. घोषणा झाल्या, भारतमातेच्या, जवानांच्या. शाल घातली. वकिलांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, मायनस अठ्ठावीस! अन् लोक म्हणतात जग तापून राहिलं. तुम्ही माझीच बाजू मांडली."

ते चेष्टा करत नव्हते. शेतकीच्या बाई आपले कागद गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, "सवय होते." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

तिथून मी रेणापूरला गेलो. माझं भाषण मन्मथच्या वडलांना माझ्याकडूनच कळावं म्हणून. दुपारचे तीन वाजले होते. शिवमूर्तीअप्पा दुकानात बसले होते. गळ्यात लिंग, अंगात जुना स्वेटर. मला पाहून त्यांनी पोतं झटकून जागा केली.

"बस. मोबाइलवर आला तुझ्या भाषनाचा व्हिडिओ. पाह्यला."

"अप्पा, आधी तुमाला सांगाया पायजे होतं."

"हाव. पायजे होतं."

गिऱ्हाईक आलं. त्यांनी पाव किलो शेंगदाणे तोलून दिले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी तराजू पुसून ठेवला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"एक इचारू?" ते म्हणाले. "त्यो बर्फाचा डोंगर खाली सरकत राहतो म्हणतेत. खरं हाय?"

"खरं हाय."

"मग त्यात गेलेलं मानूस?"

नोरबूने मला हे सांगितलं होतं. हिमनदी घेतलेलं माणूस परत देते, खालच्या टोकाला, जिथं बर्फ संपून पाणी होतं तिथं. मी तेच सांगितलं.

"किती वर्सांनी?"

"लई, अप्पा. साठ, सत्तर. कुनी सांगू शकत न्हाई."

त्यांनी मान हलवली. हिशोब त्यांनी आधीच केलेला असावा. ते सत्तरीच्या पुढचे आहेत.

"पर तू त्या भाषनात म्हणलास, बर्फ आता लौकर वितळून राहिलाय."

"हाव."

"मग लेकरू लौकर येईल."

तो बर्फ वितळला की खालच्या खोऱ्यांत काय होईल, आपल्या पावसाचं काय होईल, हे मी तासाभरापूर्वीच हॉलमध्ये बाईंकडून ऐकलं होतं. अख्ख्या जिल्ह्यात माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस मला भेटला होता, आणि तो ते लवकर व्हावं म्हणून बसला होता.

"लोक म्हणतेत थंडी वाढून राहिली," अप्पा म्हणाले. "मला न्हाई आयकू वाटत ते."

दुकानाचं दार ओढून ते मला मळ्यात घेऊन गेले. वाटेत एवढंच म्हणाले, "आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, माती देतेत. बसवून. तेला मातीच न्हाई मिळाली."

विहिरीच्या पूर्वेला, हरभऱ्याच्या मधोमध, चौरस जागा नऊ वर्षं नांगराविना ठेवलेली आहे. चारी कोपऱ्यांना दगड. आत एक काडी नाही. अप्पा दर सोमवारी येऊन तण उपटतात. मी बूट काढले आणि सॅल्यूट केला. समोर फक्त जमीन होती. लान्स नाईक मन्मथ शिवमूर्ती अजून तिथे पोचलेला नाही.