ताईचा पगार

साडीच्या दुकानात एखादी बाई स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून गिऱ्हाइकाला दाखवताना दिसली, की मला माझी ताई आठवते. नवरा गेल्यावर दोन मुलींसाठी ती अशाच एका दुकानात लागली. पुढे तिच्याच हाताखाली शिकलेल्या प्रकाशला पहिल्यापासून तिच्याहून जास्त पगार मिळू लागला. बारा वर्षांनी तिने धीर करून मालकांना कारण विचारलं. ते अगदी सहज म्हणाले, “अहो ताई, त्याला घर चालवायचं असतं.”

ताई इतकी वर्षं दुसरं काय करत होती? बाईची कमाई म्हणजे घराला नुसता हातभार, हे आपण कधी ठरवून टाकलं?

मी चिडून तिला म्हणालो, “इतके दिवस विचारलं का नाहीस?”

ती म्हणाली, “मला वाटायचं, माझ्याच कामात काहीतरी कमी असेल.”