द्राक्षबागेतला ठोका

आमच्या शेतमजूर संघटनेची पत्रकं मीच लिहायचो. बारामतीच्या एसटी स्टँडवर, इंदापूरच्या बाजारात वाटायचो, आणि तासाभरानं त्याच पत्रकात कुणीतरी भजी खाताना दिसायचं. मागणी एकच होती: द्राक्षबागेत मणी फुगवायच्या औषधात घड बुडवणाऱ्या बायांना हातमोजे द्या. बंगला मागत नव्हतो. हातमोजे. जो बागायतदार द्राक्षाच्या मण्यावर ओरखडा आला तर रात्रभर झोपत नाही, त्याला बाईच्या हाताची सालटं निघालेली दिसत नव्हती.

म्हणून मी सॅम्पलर घेतला. पुण्यातल्या एका पोरानं वापरून विकायला काढलेला. वहीएवढं काळं मशीन, वर रबराची सोळा बटणं. आवाज टिपायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका बटणावर बसवायचा आणि बोटांनी वाजवायचा. वरकुट्याचा माझा एक दोस्त रॅप करायचा, दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. भजी गुंडाळता येणार नाही असं पत्रक काढायचं, असं आमचं ठरलं.

आवाज बागेतलेच घ्यायचे. पिकअपचा मागचा फाळका धाडकन पाडला, तो झाला ढोल. फवारणी पंपाची फस्स घेतली, ती झाली झांज. पण मधोमध काय, ते सुचत नव्हतं. ते अंथुर्ण्याजवळच्या एका बागेत सापडलं.

तिथं अकरा बायांची टोळी होती. पुढं एक आक्का, निरवांगीच्या, पन्नाशीच्या. हातातल्या मगात औषध, तो घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, हलवायचा, सोडायचा. सगळ्यांचा वेग एक राहावा म्हणून आक्का ओळीच्या तोंडाशी स्वतः घड बुडवत बोलायच्या: "बुडीव... हालीव... सोड." दिवसभर. मागच्या दहाजणी त्यावर हात चालवायच्या.

मी फोन पुढं धरला. आक्का थांबल्या.

"नाव घिऊ नगं हां माझं कुठं. मालकाला कळलं तर उद्या पिकअप थांबायची न्हाय."

"नाव येणार नाही, आक्का. शब्द देतो."

"शब्द दी नगं, नाव दी नगं. एवढं कर."

बाया हसल्या. मीही हसलो. चार वर्षं पत्रकं लिहिताना एक गोष्ट मला पाठ झाली होती: नाव गाळलं, गाव गाळलं की माणूस सुरक्षित. 'एक कामगार महिला' लिहायचं आणि पुढं जायचं.

खोलीवर येऊन तीन शब्द तीन बटणांवर बसवले. वाजवले. अंगावर काटा आला. शब्द साधेच, पण तिसरा उशिरा यायचा. 'सोड' ठोक्याच्या मागं, किंचित लोंबकळून पडायचा. मशिनमध्ये एक सोय असते, मागंपुढं झालेला ठोका ओढून ती बरोबर जागेवर बसवते. फाळक्याला मी ती लावली, पंपाला लावली. आक्कांना लावली नाही. दोस्ताला म्हटलं, "हा झोल ऐक. शिकून येत नाही असला." तो म्हणाला, "हात लावू नको त्याला."

आवाज ओळखू येऊ नये म्हणून सूर तेवढा चार पायऱ्या खाली पाडला. आक्का एकदम जाड्याभरड्या बाप्यासारख्या झाल्या. झालं आपलं काम, असं वाटलं. मग मिक्स. आक्कांच्या शब्दांच्या आड येणारं सगळं कापलं. ढोल हेडफोनमध्ये घुमायचा, पण बाया काही हेडफोन लावून कामाला जात नाहीत. म्हणून गाणं ओळखीच्या पिकअपमध्ये लावून पाहिलं. ढोल गायबच. परत आलो, त्याला वर थोडी टकटक दिली. आठ दिवस हेच. तेव्हा एवढा विचार जर दुसऱ्या एका गोष्टीचा केला असता!

गाणं व्हॉट्सॲपवर सोडलं आणि ते पळालं. तिसऱ्या दिवशी टोळीच्या पिकअपमध्येच ड्रायव्हरनं लावलं. पुढचं मला त्या टोळीतल्या एकीनं सांगितलं. पहिला 'सोड' वाजला आणि मागं बसलेल्या सगळ्याजणी एकदम ओरडल्या, "अगं बया, आक्काच की ही!" कुणी टाळ्या पिटल्या. कुणी म्हणालं, "आक्का, बाप्याचा घसा कवा आला?" आक्का हसल्या नाहीत. ड्रायव्हर मालकाचा चुलतभाऊ होता.

नाव नव्हतं, गाव नव्हतं, आवाजही आक्कांचा नव्हता. पण अकरा बायांचे हात वर्षानुवर्षं ज्या ठोक्यावर हलले, तो त्यांना कळणार नाही? त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बागेनं तो ऐकला होता. मला पत्रकाची अक्कल होती, ठोक्याची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पिकअप निरवांगीच्या फाट्यावर थांबली नाही. शेजारच्या बागायतदारांकडेही निरोप गेला होता: गाण्यातली बाई नको. आणि आठवड्याभरात त्या बागेत हातमोजे आले. दहा जोड. संघटनेत पेढे वाटले. 'लढ्याचा विजय' असं पत्रक काढायला मलाच सांगितलं.

ते न लिहिता मशीन घेऊन आक्कांकडे गेलो.

"या, गाणंवालं," त्या म्हणाल्या. "मोजं मिळाली म्हणं पोरींना. बरं झालं."

"आक्का, मी नाव कुठंच..."

"नावाचं काय घिऊन बसलायस? वाजीव ते. मला नीट ऐकू दे."

वाजवलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटचं उशिरा का वाजतंय, ठावं हाय का?"

"तुमची पद्धत..."

"पद्धत न्हाय रं." त्यांनी उजवा हात पुढं केला. मुठीसारखी वळलेली बोटं हळूहळू, एकेक करून उघडली. पुरती उघडलीच नाहीत. "घड धरला की लवकर सुटत न्हाय. म्हणून थांबायचं, मग सोड म्हणायचं."

माझा दोस्त आणि मी ज्याला झोल म्हणत होतो, तो हा.

मी ठोका जागेवर ओढणारी ती सोय लावली. तिन्ही शब्द सरळ रेषेत बसले. आक्कांनी मान वर केली.

"आता तर कुणी बी वाटतंय. हे आदी करता येत हुतं?"

"येत होतं."

"मग?"

"मग गाण्याला मजा राहत नव्हती."

शेजारणीच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आक्कांनी उठून मला पाणी दिलं. मी प्यायलो.

बागायतदाराकडे गेलो. रेकॉर्डिंग माझं, चूक माझी, आक्कांना परत घ्या, असं सांगितलं. त्यानं चहा मागवला. "तुझ्यावर राग न्हाय आपला. कला हाय तुझ्यात. गणपतीला आमच्या मंडळासाठी एक करून दे की. आन बाईचं पुढच्या छाटणीला बघू." टोळीतल्या बायांना म्हटलं, एक दिवस काम बंद ठेवा. हातमोजे घातलेल्या दहाजणी जमिनीकडे बघत राहिल्या. गाणं आम्ही आमच्याकडून काढून टाकलं. लोकांच्या फोनमधलं कोण काढणार?

पुढची छाटणी झाली, घड लोंबले. औषधात बुडवायच्या पहिल्या दिवशी सकाळी मी निरवांगीच्या फाट्यावर होतो. आक्काही होत्या. डोक्याला टॉवेल, पिशवीत डबा. कुणी बोलावलं नव्हतं. पिकअप आली, वेग कमी झाला नाही. मागच्या एकीनं हात केला, आणि गाडी अंथुर्ण्याकडे गेली.

मी जवळ गेलो. आक्का रस्त्याकडेच बघत होत्या.

"तू जा आता हितनं," त्या म्हणाल्या. "तुला माझ्यासंगं बघितलं तर उद्या बी थांबायची न्हाय."