अक्कलकोटपर्यंतचं पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शिवलिंगप्पा बिराजदार यांचं नाव सांगतो. आईवडिलांचं नाव आधी घेत नाही म्हणून घरची माणसं रागावतात. पण आईवडिलांनी मला करमाळ्याजवळच्या खेड्यातून सोलापूरपर्यंत पोहोचवलं. तिथे बी.ए.ला इंग्रजीत दोनदा नापास होऊन मी बंद पडलो होतो. तिथून मला ढकललं ते अप्पांनी. बंद गाडी ढकलतात तसं, मागून, खांदा लावून.

चौऱ्याहत्तर साली मी बाजार समितीत कारकून होतो आणि खोली शोधत साखर पेठेतल्या त्यांच्या घरी गेलो होतो. अंगणात पत्र्याच्या छपराखाली एक एवढीशी गाडी विटांवर उभी होती. चाकं नव्हती, टप नव्हता. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मी हाक मारली तर खालूनच प्रश्न आला, "इंग्रजी येतं का?"

"दोनदा नापास झालोय," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"म्हंजे दोनदा वाचलंयस की," आवाज म्हणाला. "सामान घिऊन ये."

अप्पा एका बंद पडलेल्या कापड गिरणीत जॉबर होते. माग बिघडला की तो चालता करून द्यायचा, हे जॉबरचं काम. वयाची साठी उलटलेली, कपाळावर भस्माची तीन बोटं, आणि नखांतलं काळं तेल आंघोळीनंतरही न जाणारं. गिरणीच्या साहेबाकडे एक इटालियन गाडी होती, टोपोलिनो. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ छोटा उंदीर. ती गाडी अप्पाच जिवंत ठेवत. गिरणी बंद झाली, साहेब निघून गेला आणि जाताना किल्ली अप्पांच्या हातात ठेवून गेला. तोवर इंजिन जाम झालं होतं. दाराच्या खिशात दुरुस्तीचं पुस्तक होतं, सगळं इटालियन, आणि एक छोटा इटालियन-इंग्रजी कोश. अप्पांना मराठी आणि कन्नड वाचता येई, इंग्रजी नाही. माझी गरज तिथे होती.

संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की आम्ही बसत असू. इटालियन शब्द मी कोशात शोधायचो, तिथून इंग्रजी, आणि इंग्रजीचं मराठी करायला माझा जुना शाळेतला कोश. स्पार्क प्लगला ती माणसं मेणबत्ती म्हणतात, कार्बोरेटरमधल्या झडपेला फुलपाखरू. अप्पा खूश व्हायचे. "एनप्पा, काय डोस्कं हाय! फुलपाखराला तेल दे म्हंत्यात." गिअरच्या चित्रात मधल्या जागी, जिथे गाडी कुठल्याच गिअरमध्ये नसते, तिथे 'फोल्ले' असं लिहिलं होतं. कोशात अर्थ निघाला: वेडा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. अप्पा मात्र पान डोळ्यांजवळ धरून त्या मधल्या जागेवर बोट फिरवत राहिले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "इंजिन फिरतंय, पण चाकाशी बोलणं न्हाय. त्याला येडंच म्हणत्यात की."

त्या दिवसापासून आमच्या घरात न्यूट्रल हा शब्द गेला. कसे आहात असं कोणी विचारलं की अप्पा सांगत, "हाय की, फोल्ले." लोक हसत. मीही सुरुवातीला हसलो.

मला ते पहिल्या दिवसापासून 'बीए' म्हणत. मी एकदा चिडून म्हणालो, "अजून झालो नाही, अप्पा. चिडवू नका."

"गाडीबी अजून चालत न्हाय. तरी गाडीच म्हणतो न्हवं?"

काम करायची त्यांची एक रीत होती. गाडीतून निघालेला प्रत्येक भाग ते एका जुन्या चादरीवर मांडत, निघाला त्याच क्रमाने, आणि शेजारी खडूने आकडा घालत. "जसं खोललं तसंच उलटं जायाचं. आन् चादरीवर एक जरी उरलं, तर गाडी झाली म्हणायचं न्हाय." मी इंग्रजीचं लांबलचक वाक्य घेऊन अडलो की म्हणत, "खोल की ते बी. करणारा कुटं हाय? काय करतोय? काढून बाजूला ठिव." मी खरंच वहीवर वाक्याचे तुकडे मांडू लागलो. कॉलेजात दोन वर्षं जे कळलं नव्हतं ते त्या चादरीशेजारी बसून कळायला लागलं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात पितळेच्या सहा घागरी उतरंडीसारख्या रचलेल्या होत्या आणि त्यांतली एकही अप्पा वापरत नसत. पाणी बादलीत भरत. बायको कुठे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या खैरूनबींनी एक दिवस कुंपणावरून सांगून टाकलं. "तेरे अप्पा ने पीने का पानी मोटर कू पिलाया. अक्का उठी सो चली."

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा होता. टँकरपुढे पहाटेपासून उभं राहून अप्पांच्या बायकोने, नागव्वांनी, एक घागर आणली होती. घरात तेवढंच पाणी. अप्पांनी त्याच दिवशी गाडीच्या रेडिएटरला डाग देऊन भोक बुजवलं होतं. गळतो की नाही हे बघायला त्यांना उद्यापर्यंत धीर निघाला नाही. त्यांनी घागर उचलून ओतली. डाग निघाला आणि सगळं पाणी अंगणातल्या मातीत गेलं. नागव्वा दारात उभ्या होत्या. एक पिशवी घेऊन एस.टी.ने अक्कलकोटला लेकीकडे गेल्या, त्या गेल्याच.

हे कळल्यावर मला अप्पांची घाई समजली. ती गाडी घेऊन त्यांना अक्कलकोटला जायचं होतं. दुसरीकडे कुठेही नाही. कधीतरी बोलता बोलता म्हणायचे, "दारात हुबी राहिली की बघंल ती." मिळत नसलेला प्रत्येक भाग त्यांनी घडवला. इंजिनखालच्या रबराऐवजी मागावर धोट्याला धक्का देणारं म्हशीच्या कातड्याचं पिकर कापून बसवलं. बेअरिंगचा शिसं-कथलाचा रस गिरणीत ओतत तसा अंगणात ओतला. रेडिएटर तर चार वेळा खोलला. "हिला पाण्याचा पंप न्हाय, बीए. गरम पाणी आपलं आपण वर जातंय, गार खाली येतंय. मधी कुणी ढकलत न्हाय," असं सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली जाई.

शहात्तरच्या हिवाळ्यात गाडी चालली. एका रविवारी आम्ही अक्कलकोट रस्त्याला लागलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वळसंगच्या पुढे वाफ यायला लागली, थांबलो, पुन्हा निघालो. लेकीच्या दारात पोहोचलो तेव्हा नागव्वा ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"आली?" त्यांनी विचारलं.

"आली," अप्पा म्हणाले.

त्या उठून गाडीभोवती फिरल्या. दार उघडून बघितलं. टोपोलिनोचं दार इतर गाड्यांसारखं पुढून उघडत नाही. बिजागरी मागच्या बाजूला असते. "दारं उलटी हायत तुमच्या गाडीची."

"व्हय."

"माणसं किती बसत्यात?"

"दोन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला आणायला निघालेल्या माणसाच्या दोन जागांच्या गाडीत मी इस्त्री करून बसून आलो होतो. "अव्वा, मी एस.टी.ने येतो परत," मी घाईघाईने म्हणालो.

"आधी च्या तरी घे की," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

चहा झाला. अप्पा बोलत होते, पण सगळं गाडीचं: झडपा कशा घासल्या, स्प्रिंग कुठून आणली. नागव्वा ऐकत होत्या. मधूनमधून अप्पा थांबायचे, त्या मान वर करायच्या, आणि अप्पा पुन्हा गिअरपेटीकडे वळायचे. अर्धा तास असा गेला. मग नागव्वा आत गेल्या आणि कमरेवर भरलेली घागर घेऊन बाहेर आल्या.

"कुटं वततात?"

अप्पांनी बॉनेट उचललं, फडक्याने टोपण काढलं. नागव्वांनी घागर धरली आणि एक थेंब बाहेर न सांडता ओतली. घागर अर्धी झाली तेव्हा पाणी तोंडाशी आलं. मग त्या पदर खोचून वाकल्या आणि गाडीखाली बघत राहिल्या. मातीवर काही पडलं नाही.

"गळत न्हाय," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, अप्पांकडे बघत. अप्पा टोपण फिरवत होते. ते केव्हाच घट्ट बसलं होतं. "साकु," त्या म्हणाल्या. पुरे. "उजेड हाय तवर जावा."

येताना मी त्यांच्या शेजारीच बसलो. वळसंगला अप्पांनी गाडी कडेला घेतली, गिअर मधे आणला. इंजिन चालू होतं, छान, एकसारखं.

"बीए, ते पाणी तिच्या डोक्यावरनं आलं हुतं. मी तिला इचारलं न्हाय. चुकलं माझं."

"मग तिथे का बोलला नाहीत?"

"तोंडात गिअर पडंना."

त्यांनी गिअर टाकला आणि गाडी पुन्हा सोलापूरच्या रस्त्याला घातली.

मी तिसऱ्या खेपेला पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. निकाल सांगितला तेव्हा अप्पा म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मी तर कवाचा म्हणतोय." मला बार्शीला शाळेत नोकरी लागली. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत. गाडीखाली पाय दिसत होते, आणि त्या दिवशी गाडीला काही झालेलं नव्हतं.

दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा खैरूनबींनी पुन्हा कुंपणावरून सांगितलं. अप्पा दर आठवड्याला गाडी काढतात, शेजारची सीट पुसतात, वळसंगपर्यंत जातात आणि माघारी येतात. बार्शीला परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. अप्पा पत्रं लिहीत नसत, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं कार्ड आलं, अप्पा गेले म्हणून. मी पोहोचलो तोवर माती झाली होती. नागव्वा स्वयंपाकघरात घागरींपुढे बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ते इटालियन पुस्तक पुढे केलं. गिअरच्या चित्राच्या पानात माझं पत्र होतं, घडीवर तेलाची बोटं उमटलेली.

"तुझं अक्षर हाय म्हणत्यात. वाच."

"अव्वा, नको. ते त्यांना लिहिलं होतं."

"माझं नाव हाय त्यात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग वाच की," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर एका बेस्तवारी आले हुते. दारात गाडी हुबी केली, उतरले बी न्हाईत. मी इचारलं, पाणी पायजे का? तर म्हणले, न्हाय, भरून आणलंय. इंजिन चालू ठिवून बसले, आन् गेले. मला कळंना, काय सांगायला आले हुते."

मी पत्र उघडलं आणि वाचलं.

*बार्शी*

*तीर्थरूप अप्पांस,*

*साष्टांग नमस्कार विनंती विशेष.*

*मी सुखरूप पोहोचलो. शाळेत आता मला सगळे बी.ए. म्हणतात. मी तसा नसताना म्हणणारे तुम्ही एकटेच होता, हे मी विसरणार नाही. सातवीच्या मुलांना इंग्रजी वाक्य चादरीवर मांडायला शिकवतो. मुलं हसतात, पण त्यांना येतं.*

*तुम्ही वळसंगपर्यंत जाऊन परत येता असं कळलं. अप्पा, लहान तोंडी मोठा घास घेतो, रागावू नका. त्या दिवशी अव्वा गाडीखाली वाकल्या आणि मग थांबल्या. त्या कशासाठी थांबल्या होत्या ते मला दिसलं. तुम्ही टोपणाकडे बघत होता, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.*

*चादरीवर एक जरी भाग उरला तर गाडी झाली म्हणायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. एक उरला आहे. तो तुम्ही वळसंगला माझ्याजवळ ठेवलात. मी त्याचे तुकडे मांडून बघितले, फार नाहीत: ते पाणी तुझ्या डोक्यावरून आलं होतं. मी तुला विचारलं नाही. चुकलं माझं.*

*एवढंच आहे, अप्पा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी रजा काढून सोबत येतो. मागून एस.टी.ने येईन, सीट मोकळी ठेवा. पण बोला तुम्ही. हे शब्द अव्वांना माझ्या तोंडून ऐकायची वेळ येऊ नये.*

*कळावे, लोभ असावा.*

*आपला,*
*बीए*