चौकड्यांचा रुमाल

वर्षानुवर्षं टिकेल, कचऱ्यात जाणार नाही आणि बाईला वापरायला सोपं पडेल असं पाळीचं कापड तयार करायचं, हे माझं काम. माधवनगरला शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे मी पहिला नमुना घेऊन गेले. जाडजूड पॅड होतं. एकीने ते उलटंपालटं करून बघितलं. "आवं ताई, धुतो की आमी. पर वाळवायचं कुठं? दोरीवर घातलं तर सासरा बगतोय, पोरगा इचारतोय."

बाकीच्या हसल्या. मीही हसले. साताऱ्याला घरी माझंही मोरीच्या दाराआड, ओल्या टॉवेलखाली वाळत होतं. वाळत कसलं, कुबट होत होतं.

वापरणाऱ्याच्या घरात काय चालतं ते आधी बघा, असं डिझाइन शिकवताना सांगतात. मला फार लांब जायची गरजच नव्हती.

मी पॅडचा नाद सोडला. साधा चौकोनी तुकडा केला. घड्या घालून वापरायचा, धुतला की उलगडून वाळवायचा. त्यावर मरून रंगाच्या चौकड्या घेतल्या. बघणाऱ्याला पुरुषाचा रुमालच वाटावा. माधवनगरच्या बायका जाम खूश झाल्या. मीही पहिल्यांदाच आमच्या गच्चीवर, सगळ्यांच्या कपड्यांत, माझं कापड वाळत घातलं. त्या दुपारी ते बघायला उगाचच वर जाऊन आले. इतका आनंद मला कुठल्या बक्षिसाचा झाला नव्हता.

सासरे फौजेतून निवृत्त झालेले. वाळलेले कपडे काढून घड्या घालायचं काम त्यांचं, तेही एकदम शिस्तीत. दुसऱ्या दिवशी ते फिरून आले ते माझा तुकडा गळ्यात बांधून.

"सूनबाई, ह्यो रुमाल लय झ्याक हाय. घाम कसा चटशिरी टिपतोय! आजून हायेत का?"

मी तडक स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसल्या की घाबरल्या, कळलं नाही. मग म्हणाल्या, "आता बोलू नगंस. त्यास्नी कळलं तर ह्या घरात तुला तोंड वर करून हिंडता यायचं न्हाई."

मी गुपचूप तो तुकडा काढून घेतला आणि तसलेच कोरे तुकडे त्यांना आणून दिले. सासऱ्यांचा राग आला नाही, स्वतःच्या हुशारीचा आला. वस्तू मी इतकी झकास लपवली होती, की आता ती काय आहे हे सांगायची सोयच उरली नव्हती.

माधवनगरहून फोन येतो. "ताई, तुमच्याकडं वाळतंय न्हवं बरं?" मी म्हणते, मस्त.

गच्चीवर सासऱ्यांचे रुमाल चिमटे लावून भर उन्हात वाळत असतात. माझे त्यांच्याशेजारी घालता येत नाहीत, ते पुन्हा चुकून उचलतील. माझे परत मोरीच्या दाराआड आहेत, ओल्या टॉवेलखाली.