साळिंदराचा फर्मा

आमच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं गेली पस्तीस वर्षं एकच माणूस बांधतो. त्यांना सगळे खळकाका म्हणतात, कारण त्यांच्या बोटांना, चष्म्याला, कधीकधी भुवईलाही चिकटवायची खळ लागलेली असते. जिन्याखालची खोली म्हणजे त्यांचं दुकान आणि तिच्या मागची खोली म्हणजे घर. दोन्हीकडे माणूस एकच.

हजारो पुस्तकं त्यांच्या हातांखालून गेली, पण वाचलं एकही नाही. मी चिडवायचे, "काका, निदान नाव तरी वाचत जा." ते म्हणायचे, "ताई, मी पानांचे आकडे बघतो. वाचत बसलो तर तुम्हीच ओरडाल." खरंच ओरडले असते. माझा राग नाकावर असतो, हे आमच्या सभासदांना विचारा.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे प्राण्यांची ती जुनी कादंबरी पाठवली. पाणमांजर, म्हातारा साळिंदर आणि एका पंखाने अधू घुबड ओंडक्यावर बसून नदीचा उगम शोधायला निघतात, ती. तीन पिढ्यांनी वाचून वाचून तिची पाठ सुटली होती. काकांनी शिवण उसवली, फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक शिवतात. पुठ्ठा कापताना कटर सटकला आणि अंगठ्याला चार टाके पडले. पंधरा दिवस सुई धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

रिकामा बसलेला माणूस काय करणार? त्यांनी पहिला फर्मा उचलला.

शनिवारी ते बँडेज बांधलेला अंगठा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मला वाटलं, उशीर होईल म्हणून गयावया करायला आलेत. पण बोलू लागले ते साळिंदराबद्दल. साळिंदर किती कुरकुर करतो, घुबडाला कसा टोचून बोलतो! ते जेवताना पुस्तक शेजारी ठेवत होते. "एकटाच हसलो, ताई, मोठ्याने. मग ऐकायला कोणी आहे का म्हणून उगाच मागे बघितलं." मी टेबलावरची कार्डं सारखी करत बसले.

मग खरी गोष्ट बाहेर आली. शिवण उसवतानाच त्यांच्या लक्षात आलं होतं, की दोन फर्म्यांची अदलाबदल झालेली आहे. एका फर्म्यात साळिंदर पुरात वाहून जातो, मरतो. त्याच्या आधीचा, जिवंत साळिंदराचा फर्मा त्याच्या मागे शिवलेला. म्हणजे आमच्या प्रतीत साळिंदर मरायचा आणि पान उलटलं की ओंडक्यावर बसून पुन्हा कुरकुरायला लागायचा. मधलं वाक्य तुटायचं, पण मुलांना तेवढ्याने काय होतंय!

"कोणत्या गाढवाने बांधलं होतं?" मी विचारलं.

"मीच." मागच्या पुठ्ठ्याच्या आत त्यांच्याच अक्षरात तारीख होती. तीस वर्षांपूर्वीची, काकू गेल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यातली.

त्यांची मुलगी विमानाने जावं लागेल इतकी लांब राहते. दर रविवारी तिचा फोन येतो आणि दोन मिनिटांत दोघांचे विषय संपतात. आदल्या रविवारी मात्र काकांनी पुस्तकाचं नाव काढलं आणि मुलगी चाळीस मिनिटं बोलली. लहानपणचं तिचं सर्वांत आवडतं पुस्तक ते. आई गेल्यावर तिने आमचीच ही प्रत वाचली होती. काका म्हणाले, साळिंदर बुडाला गं. ती म्हणाली, "पुढे वाचा ना, बाबा. तो परत येतो. पुढच्या रविवारी मला सांगा."

"आता उद्या काय सांगू?" काका विचारत होते. "फर्मे तर मी नीट लावले. तो येत नाही परत. हे सांगितलं तर पुन्हा दोन मिनिटांवर येऊ आम्ही."

मी फटकळच. म्हटलं, "चूक झाली ती झाली. सांगून टाका." ते उठून गेले आणि मला दिवसभर चुटपुट लागली. एका माणसाकडे बोलायला जेमतेम एक विषय आला होता, तोही मी काढून घेतला.

नंतरच्या आठवड्यात टाके निघाल्यावर ते पुस्तक घेऊन आले. आकड्यांबरहुकूम, सुरेख शिवलेलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, पोरी, तो आलाच नव्हता. माझी चूक होती." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "तर म्हणाली, 'मला माहीत होतं, बाबा. दहा वर्षांची होते, पण तुम्हाला पानं मोजून कोण द्यायचं? मीच ना? पहिल्याच दिवशी कळलं मला.'"

"मग बोलली का नाही तेव्हा?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, 'तुम्ही घरात बोलतच नव्हतात. सारखे खाली मान घालून शिवत होतात. मी ते पुस्तक रोज तुमच्या ताटाजवळ ठेवायचे. वाटायचं, एकदा उघडाल, चूक दिसेल, मला हाक माराल. मग आपण दोघं आईबद्दल बोलू.'"

खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं.

"मला ते पुस्तक ताटाजवळ असल्याचं आठवतसुद्धा नाही हो, ताई," काका म्हणाले. "खाताना हाताला लागत असेल, मी बाजूला सारत असेन."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काही सुचेना. तिलाही सुचेना. पण तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही."