चुन्याच्या डबीतली मेमरी

आमच्या इवायांसारखा दुसरा माणूस जालना जिल्ह्यात तर नाहीच, पण देवानं जरी नव्यानं घडवायला घेतला असता तरी त्याला सुटे भाग मिळाले नसते. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे, सुनंदाचे, सासरे. राहायला आष्टीला. जन्मभर कालव्याच्या खात्यात मोजणीचं काम केलं. दुर्बीण लावून जमिनीचा उतार काढायचा आणि पाणी कुठवर जाईल ते सांगायचं. मी अंबडचा पत्र्याचा कारागीर. बादल्या, चाळण्या, तेलाचे डबे, धान्याच्या कोठ्या. शाळा दुसरीपर्यंत झाली, तिसरीला मी आणि शाळा दोघांनी एकमेकांना सोडलं. पण माझा कथलाचा डाग, म्हणजे कथील वितळवून दिलेला सांधा, तालुक्यात नावाजलेला. मी जोडलेली बादली गळते म्हणून परत आली नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो.

पहिली भेट सोयरिकीच्या बैठकीतली. बोलणी रंगात आली, मी तंबाखू मळायला घेतली आणि समोर बसलेल्या इवायांनी खिशातून चुन्याची डबी काढली. मी हक्कानं तळहात पुढं केला. त्यांनी डबी उघडून माझ्या हातावर ठेवली. आत चुन्याचा टिपूससुद्धा नव्हता. झुरळासारखे पाय फुटलेले दोन काळे तुकडे, केसाएवढ्या तारा आणि शर्टाच्या बटणाएवढा एक सेल. "ही मेमरी हाय," ते म्हणाले. "मी स्वतः केली. तुमच्याकडं पत्र्याला डाग देताना कथील किती गरम करतेत?" माझा मेहुणा कानाशी लागून म्हणाला, "दाजी, सोयरीक पक्की करायची का अजून चौकशी करायची?" मी म्हणालो, पक्की कर. पोरीच्या बापाला हुंड्याऐवजी कथलाचं विचारणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता.

त्या डबीची गोष्ट अशी. इवायांकडं नोकरीच्या काळातला एक जुना कॅल्क्युलेटर आहे. दुकानात बेरजा करतात तसला नाही. त्याला एकदा गणिताची रीत शिकवून ठेवली की आपण नुसते आकडे द्यायचे, उत्तर तो काढतो. पण त्याचं पोट फार लहान. कालव्याच्या काठानं खात्यानं रोवलेल्या खुणेच्या दगडांची उंची त्यात साठवायला घेतली, तर थोड्याच दगडांत पोट भरलं. दुसऱ्यानं वही केली असती. इवायांच्या वह्या एकदा वाळवीनं खाल्ल्या, तेव्हापासून कागदावरचा त्यांचा विश्वास उडाला. मग त्यांनी पोटच वाढवायला घेतलं. कॅल्क्युलेटरच्या डोक्याशी एक खाच आहे, तिच्यात बसणाऱ्या पट्टीला तारा जोडायच्या, तारांच्या टोकाला डबी, डबीत मेमरी. सेल आहे तोवर सगळं ध्यानात; सेल हलला की पाटी कोरी.

मेमरीचे तुकडे बाजारात मिळत नाहीत, म्हणून इवाई जालन्याच्या भंगारात जायचे. लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यांमुळं तिथं भंगाराचे डोंगर. इवाई डोंगराच्या पायथ्याशी घोंगडी टाकून बसत आणि मेलेल्या टीव्हीच्या पोटातल्या सर्किटच्या पाट्या चाळत, बाई तांदूळ निवडते तसं. घरी येताना खांद्यावर पोतं. इहीणबाई दारातच म्हणायच्या, "मशीनमधी जागा वाढवून राह्यले अन् माझ्या घरात पाय ठेवायला जागा न्हाई!" इवाई तिथंच थबकून विचारत, "किती कमी झाली? मोजली का?"

विचारणं हा त्यांचा धंदाच. जांब समर्थला दर्शनाला नेलं तर पुजाऱ्याला विचारलं, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या का नाहीत. डॉक्टरांनी नाडी धरली तर विचारलं, सत्तर ठोके हे बोटानं मोजले का अंदाजानं. पण गावात त्यांना मान होता. कुणी शेतात पाइप टाकायचा म्हणाला की आधी इवायांच्या ओट्यावर. ते बटणं दाबत, थोडं थांबत आणि एवढंच बोलत, "येईल," किंवा "न्हाई येणार." एका मोठ्या बागायतदारानं "न्हाई" ऐकूनही चर खणला. पाणी सांगितल्या जागी थांबलं. इवाई तिथं गेले, पण टोमणा मारायला नाही, थांबलेल्या पाण्यापाशी बसून त्यांनी विचारलं, "बराबर इथंच थांबलं का एक हात अलीकडं?" आमचा जावई एकदा म्हणाला, "बाबा, माझ्या मोबाइलमधी याच्या लाखपट मेमरी हाय." तर म्हणाले, "असंल की. त्यातली एक तरी तू केलीस का?"

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा हात थरथरायला लागला. त्यातच सगळ्यात मोठ्या डबीचा, म्हणजे कालव्याचे सगळे दगड जिच्यात होते तिचा, एक टाका सुटला. इवाई एसटीनं अंबडला आले, डबी दोन्ही हातांत धरून, प्रसाद आणावा तशी. म्हणाले, "इवाई, डाग तुम्हीच द्या. माझ्या हाताचा आता भरोसा न्हाई." शिकलेल्या माणसानं असं म्हणावं! माझी छाती बनियनमध्ये मावेना. त्यांनी सोबत विजेवर तापणारी सळई आणली होती आणि कथील धरावं म्हणून राळेचा एक खडा. "एवढीच लावा. दुसरं काही नको," असं सांगून ते दुकानाबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "मला बघवणार न्हाई."

मी राळेकडं बघितलं. उदासारखा पिवळा खडा. जन्मभर मी तेजाबावर, म्हणजे ॲसिडावर, डाग दिला. तेजाबानं धातूचा मळ निघतो आणि कथील धरतं. मला डाग शिकवणार कोण? ब्रश तेजाबात बुडवला आणि हळूच फिरवला. डाग असा चमकला की आरशाच्या जागी लावावा. इवायांनी कॅल्क्युलेटर लावून बघितला, सगळे दगड जागेवर. त्यांनी माझा हात हातात घेतला. मी तेजाबाचं बोललो नाही.

पत्र्याचा डाग झाला की तेजाब पाण्यानं धुऊन टाकतात. मेमरीला पाणी कोण लावणार? आठ दिवसांनी डबी आतून हिरवी पडली आणि सगळं गेलं. इवायांनी फोनवर सांगितलं, "डबी आतून हिरवी झाली, सेल गळाला. चूक माझी. मीच हलका सेल बसवल्ता." हिरवं म्हणाले तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची जीभ अशा वेळी फार जड होते.

मग चार महिन्यांनी सुनंदाचा फोन. "दादा, मामंजींनी सगळं सामान पोत्यात बांधून ठेवलंय. पाण्याचं विचारायला कुणी आलं तर म्हणतेत, माझ्या हातचं काही टिकत न्हाई, दुसरीकडं विचारा. अन् दादा, ते आता काहीच विचारीत न्हाईत." सकाळच्या गाडीनं आष्टी गाठली. म्हणालो, "आकडे गेले, दगड तर कुठं गेले न्हाईत ना? काढा दुर्बीण. पुन्हा मोजू." ते नको म्हणाले. मी हट्टी, ओढूनच नेलं.

तीन दिवस आम्ही काठानं चाललो. ते तिपाईवरच्या दुर्बिणीपाशी, मी लांब दगडावर आकड्यांची उभी पट्टी धरून. तिसऱ्या दिवशी ते तिथून ओरडले, "इवाई, पट्टी हलून राह्यली!"

"हलणारच!" मी ओरडलो. "तुमचा सेल गळाला न्हवता! मी तेजाब लावल्तं!"

त्यांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला. हळूहळू चालत माझ्यापर्यंत आले. मी मान खाली घातली. लेकीच्या सासऱ्यापुढं बापाची मान तशीही खालीच असते, पण आज ती माझ्याच करणीनं खाली होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"तेजाब. एक थेंब का दोन?"

"एकदा ब्रश फिरवला."

"अन् धुतलं न्हाई."

"न्हाई."

"आठ दिवसांत हिरवं," ते स्वतःशीच बोलले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच लाज वाटली. "म्हणजे सेल चांगला होता? माझं काम बराबर होतं?"

"बिलकुल बराबर होतं, इवाई."

ते दगडावर बसले. मग म्हणाले, "चार महिने मी ह्या हातांकडं बघितलं न्हाई हो." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या डबीला काय लावायचं?"

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या धंद्यात दुसऱ्याचं ऐकलं. म्हणालो, "राळ लावू."

दगड अजून पुष्कळ आहेत. आमचे गुडघे दिवसाला दोन-तीनच्या वर जाऊ देत नाहीत, आणि काही दगड नांगरात उखडले गेलेत, ते शोधण्यातच सकाळ जाते. सगळे होतील की नाही, मला माहीत नाही. त्यांनीही ते विचारलेलं नाही. त्या दिवशी ते परत दुर्बिणीपाशी गेले आणि तो एक आकडा वाचायला त्यांना फार वेळ लागला. डोळे पुसत होते की नजरच लागत नव्हती, एवढ्या लांबून मला कळलं नाही. पट्टी मात्र मी हलू दिली नाही.